सायकलच्या ट्यूबचा पट्टा

श्रावण गेला त्याला सात वर्षं झाली होती. दर वर्षी तिथीला त्याची आई पार्वतीबाई उमरेडहून एस.टी.नं नागपूरच्या महाल भागात नत्थूच्या घरी यायची, आणि नत्थू व बाबनराव तिला टेपवर पोराचा आवाज ऐकवायचे. फोटो तिच्याकडे होता, पण फोटो बोलत नव्हता.

श्रावण आणि हे दोघं एके काळी रॉक बँड होते. श्रावण गिटार वाजवायचा आणि गायचा, बाबनराव ड्रम बडवायचा, आणि टेपरेकॉर्डर नत्थूचा असल्यामुळे नत्थू बँडचा मालक होता. त्याच्या मुंबईच्या मावसभावानं भरून दिलेल्या एकाच रिळावरून सगळी इंग्रजी गाणी शिकलेली. मशीनमधला रीळ फिरवणारा पट्टा पहिल्याच महिन्यात तुटला, तेव्हा श्रावणनं सायकलच्या ट्यूबचा एक गोल कापून बसवला. जरा ढिला होता, पण फिरायचा.

गाणी मात्र फार दुःखी होती. हे गोरे एवढे काहून रडून राहिले, यावर इतवारीच्या चहाच्या टपरीवर कैक संध्याकाळी खर्ची पडल्या. श्रावणचं म्हणणं, तिकडे थंडी फार, जबडा लवकर हलत नाही. कॉलेजच्या गॅदरिंगला त्यांनी वाजवलं तेव्हा पुढच्या रांगेतले दोन प्राध्यापक श्रद्धांजली समजून उभे राहिले होते.

बाबनरावचा हात नेहमी पुढे पळायचा. "घाई नको करू गा, बाबन!" श्रावण गाता गाता ओरडायचा. एका सरावात ते दुसऱ्या रिळावर भरलं गेलं. पुढच्या वर्षी श्रावणला कावीळ झाली, आणि त्यानं स्वतः मात्र घाई केली.

यंदा ट्यूबचा पट्टा तुटला. नत्थूनं सीताबर्डीच्या दुकानातून नवा, कंपनीचा पट्टा बसवून आणला. जुना दुकानदारानं फेकून दिला.

पार्वतीबाई येऊन बसली. मशीन गरम करायला म्हणून नत्थूनं आधी मावसभावाचं रीळ लावलं. गाणं टुणटुण उड्या मारत बाहेर आलं.

"हे तं नाचायचं गाणं आहे बे," नत्थू म्हणाला.

"म्हणजे आपण चार वर्षं ढिल्या पट्ट्यावर हळू..." बाबनराव म्हणाला.

"हो."

बाबनराव हसला, आणि हसता हसता दुसऱ्या रिळाकडे पाहू लागला. श्रावणचा आवाज त्याच ढिल्या, हळू फिरणाऱ्या पट्ट्यावर भरलेला होता.

"नत्थू, दुसरं रीळ नको लावू."

"लाव ना गा," पार्वतीबाई म्हणाली. "मले साडेपाचची गाडी आहे."

नत्थूनं लावलं. आतून कोणीतरी सहा वर्षांचं पोर चिरक्या आवाजात भराभर गाऊ लागलं. पार्वतीबाई मान कलती करून ऐकत राहिली.

"हा कोणाचा पोट्टा गा? माहा श्रावण लाव."

बाबनरावनं फिरत्या रिळावर बोट टेकवलं. आवाज खाली आला, हेलपाटला, रेड्यासारखा झाला. त्यानं बोट जरा हलकं केलं. आयुष्यात ताल न धरलेला माणूस श्वास रोखून बसला होता.

"घाई नको करू गा, बा..."

पार्वतीबाईनं पदर तोंडाशी नेला. बाबनरावनं तिच्याकडे पाहिलं, रीळ सुटलं, आणि पुन्हा तो पोट्टा चिरकू लागला.

"आणखी एक डाव," ती म्हणाली.

नत्थूनं रीळ मागे फिरवलं. मग पुन्हा. मग पुन्हा. आवाज कधी पोराचा यायचा, कधी म्हाताऱ्याचा. श्रावणचा पुन्हा काही आला नाही. साडेपाचची गाडी निघून गेली. बोटाचं कातडं निघालं तरी बाबनराव अगदी सावकाश दाबत होता, आणि ‘घाई नको करू’ म्हणायला कोणी नव्हतं.