अंकबाबाचा भागाकार

मुलचेऱ्याजवळच्या त्या गावात आठवडाभर चुली उशिरा पेटत होत्या, कारण अख्खं गाव सकाळपासून अंकबाबापुढे बसलेलं असायचं. बाबाजवळ ना भस्म ना लिंबू, नुसता मोबाइल. आजाऱ्याच्या आधार नंबरातले शेवटचे तीन अंक तो लागोपाठ दोनदा दाबायचा. मग त्या सहा अंकी आकड्याला सातानं, अकरानं आणि तेरानं भागायचा. दर वेळी भाग पुरता जायचा आणि शेवटी मूळचेच तीन अंक पडद्यावर उभे राहायचे. माणूस लबाड असेल, पण मोबाइल कशाला लबाडी करेल, असं म्हणत लोक हात जोडायचे.

सोमारीच्या मांडीवर तिची करिश्मा कण्हत होती. सातवीतली पोर, रक्ताच्या सिकलसेल आजाराची. अंग तापानं फणफणलेलं, डोळे पिवळे. तिचे अंक ५२८.

"५२८५२८ भागून पुन्हा ५२८," बाबा म्हणाला. "पॉइंटाचं टिंबसुदा आलं नाई. आकडा घरी परतला, पोरगी पन परतन. दवाखान्यात नेली तं हिशोब मोडन."

शाळेतल्या मदीहाबाई पुढं आल्या. पोरीला अहेरीच्या दवाखान्यात न्यायला त्या जीप घेऊन आल्या होत्या आणि सोमारी जागची हलत नव्हती. बाईंनी काडी घेऊन मातीत गणित मांडलं. तीन अंक दोनदा लिहिणं म्हणजे त्या संख्येला एक हजार एकनं गुणणं. सात, अकरा, तेरा यांचा गुणाकारही एक हजार एकच. बाबा आधी गुणतो, मग तेवढ्यानंच भागतो. दुसरं काय उरणार?

"बाई, तुमाले गणित येते, त्यायले देव येते," म्हातारा देवाजी म्हणाला.

भाग कोणाचाही जातो हे दाखवायला बाईंनी स्वतःचे अंक दिले. भाग गेला. बाबा हसला. "तुमी धडधाकट, मनून गेला. ज्याचं मरन ठरलं, त्याचा भाग जात नाई."

माना डोलल्या. बाईंना रडू यायचं बाकी होतं. तेव्हा सोमारी बोलली.

"४१९ पाहा. माया पोराचा हाये."

बाबानं खुशीत बटणं दाबली. "गेला भाग. पोरगा शंभर वर्सं जगन."

जोडलेले हात खाली आले. सोमारीचा दिनेश याच आजारानं परारसाली गेला होता. रेशन दुकानात सांगून सांगून लेकरांचे अंक तिला पाठ होते. बाबा परगावचा, त्याला काय माहीत? तो पुढचा आजारी बोलावत होता आणि पुढं कोणी येत नव्हतं.

"बाई, जीप कुठी हाये?" सोमारीनं विचारलं.

वाटेत करिश्मा बोलायची थांबली. वेळेत पोचू का, हे बाईंनाही सांगता येईना.

भागाकार बरोबर होता, खोटा होता तो त्याला चिकटवलेला अर्थ. म्हणून कोणी चमत्कार दाखवला, तर जिथं तो चालायला नको तिथं आधी चालवून पाहा, आणि तोवर आजारी लेकराला दवाखान्यात न्या. सोमारीनं तेच केलं. फक्त त्यासाठी तिला मेलेल्या लेकराचा आकडा सांगावा लागला.