राखणदाराला बांगड्याचा वास

महिन्याभरात तिसऱ्यांदा दीपाली कोपर सोलवटून घरी आली, तेव्हा तिच्या सासूबाईंनी, म्हणजे यमुनाबाईंनी, हळदीचा डबा फडताळात न ठेवता ओट्यावरच ठेवून दिला. रोजचंच झाल्यावर उचलठेव करायची कोणी!

दीपाली रत्नागिरीच्या एका कॉलेजात क्लार्क होती. पूर्णगडहून रोज स्कूटीने जायची. वाटेत शाळेच्या अलीकडे उतारावर एक वळण होतं. तिथेच ती पडायची. तिथे पोस्टमन पडला होता, दूधवाला पडला होता, आणि हळद लागलेला एक नवरदेवसुद्धा पडला होता. पण या वेळी हसण्यासारखं काही नव्हतं. मागून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला, तेव्हा चाक दीपालीच्या हेल्मेटपासून हातभर अंतरावर थांबलं!

"जागाच वाईट हाय ती," तिचा नवरा हर्षद म्हणाला. त्याचा मासळीचा टेम्पो होता. रोज सकाळी बंदरावरून बांगडा भरून तो त्याच वाटेने रत्नागिरीला न्यायचा. "त्या जागेचा राखणदार देव रागावलाय. त्याचा मान द्यायला हवा."

"अहो, मग तुमच्यावर का नाही रागावत तो?"

"माझी गाडी चार चाकांची आहे गो!"

जणू राखणदार आरटीओची कागदपत्रं तपासूनच राग धरत होता.

स्कूटी दुरुस्तीला गेली होती, म्हणून शनिवारी सकाळी दीपाली टेम्पोतच बसली. वळणाच्या जरा वर हर्षदने टेम्पो थांबवला आणि अकरा नारळ काढले. सकाळच्या शाळेची पोरं तमाशा बघायला थांबली. त्यांच्या मागोमाग त्यांच्या विज्ञानाच्या दीक्षा मॅडमही आल्या.

हर्षदने एकामागून एक नारळ फोडले. पाणी उतारावरून वाहिलं. त्यावर त्याने तेलाची बाटली ओतली, हात जोडले आणि डोळे मिटून म्हणाला, "राखणदारा, हितं कोणाचा पाय घसरू देऊ नको रे महाराजा!"

एवढं बोलून तो एक पाऊल मागे सरला आणि धप्पकन बुडावर आपटला. आपटून तिथेच थांबला असता तरी अब्रू राहिली असती. पण तो तसाच, हात जोडलेल्या अवस्थेत, उतारावरून घसरत थेट गटारात गेला!

पोरं खो-खो हसू लागली. दीपाली धावली. "अहो, लागलं का?"

"त्याने ढकललं! पाठीत हात लागला मला!"

दीक्षा मॅडमनी त्याला हात देऊन वर काढलं, त्याच्या शर्टाचा वास घेतला आणि शांतपणे विचारलं, "हर्षददादा, राखणदाराच्या हाताला बांगड्याचा वास येतो का हो?"

सगळ्यांच्या नजरा टेम्पोकडे वळल्या. मागच्या कोपऱ्यातून टप टप पाणी गळत होतं आणि त्याचा ओघळ थेट वळणापर्यंत आला होता. मासळीवरच्या बर्फाचं पाणी आपोआप निघून जावं म्हणून हर्षदने टेम्पोच्या तळाचं बूच केव्हाच काढून टाकलं होतं.

"पाणीच आहे ते," हर्षद कुरकुरला. "पाण्याने काय होतंय?"

"नुसतं पाणी नाही, त्यात माशाचं तेल आणि बुळबुळ आहे. तुमचा वजनाचा काटा द्या बघू."

मॅडमनी टेम्पोतलं जुनं टायर काढायला लावलं, त्यावर दगड ठेवले आणि हुकाचा काटा अडकवला. "ओढा!"

कोरड्या रस्त्यावर हर्षदने दात-ओठ खाऊन ओढलं तेव्हा कुठे टायर सरकलं. काटा दाखवत होता सात किलो. मग तेच टायर वळणावर, नारळाचं पाणी आणि तेल पोचलं नव्हतं अशा जागी आणलं. हर्षदने पुन्हा तेवढाच जोर लावला. टायर सुळकन आलं आणि हर्षद पुन्हा गटाराच्या दिशेने निघाला. दीपालीने कॉलर धरली म्हणून वाचला.

"दोनच किलो!" काटा बघून पोरं ओरडली.

"टायर रस्त्याला धरून राहतं, ते घर्षणामुळे," मॅडम म्हणाल्या. "वळायचं असलं की गाडीला बाजूने बल लागतं, तेही घर्षणच देतं. ते कमी पडलं तर हँडल कितीही वळवा, गाडी सरळच जाणार आणि माणूस आडवा होणार."

हर्षदने हुकमाचा एक्का टाकला. "पण पाणी तर बंदरापासून गळतं. मग माणसं वळणावरच का पडतात?"

उत्तर दीपालीने दिलं. "तुमच्या डब्यातली आमटी कुठे सांडते? वळणावरच ना! रोज पिशवी मीच धुते."

"शाब्बास!" मॅडम म्हणाल्या. "टेम्पो वळतो, पण आतलं पाणी सरळच जाऊ पाहतं. त्याला जडत्व म्हणतात. म्हणून ते इथेच भसकन बाहेर येतं. आणि जिथे पकड जास्त लागते, तिथेच नेमकी ती कमी होते."

पोस्टमन, दूधवाला, नवरदेव एकेक करून हर्षदच्या डोळ्यांपुढून गेले. शेवटी एसटीचं ते चाक आलं.

"म्हणजे माझ्या बायकोला मीच पाडली?" त्याचा आवाज चिरकला. "तीन वेळा? अगो, ती एसटी थांबली नसती तर!"

दीपालीने त्याच्या शर्टाला चिकटलेली नारळाची शेंडी काढून टाकली.

त्याच दिवशी हर्षदने साबण आणि खराटा घेऊन वळण घासून काढलं. बुचाच्या भोकाला नळी लावून खाली मोठा कॅन बांधला. तो रिकामा करायचा तो बंदरावरच. दुसरे टेम्पोवाले हसले. "रस्त्यावर पाणी पडलं तर तुझं काय जातंय?" त्यांच्यातल्या संदेशने विचारलं. हर्षदने वाद घातला नाही. टायर आणलं, काटा त्याच्या हातात दिला आणि म्हणाला, "आधी ओढ. मग बोल." पंधरा दिवसांत बंदरावरच्या सगळ्या टेम्पोंना कॅन लागले.

वाचकहो, निसर्गाचे नियम पाठ्यपुस्तकात राहत नाहीत, ते रस्त्यावर राहतात. नवस केला म्हणून ते सूट देत नाहीत आणि आपण चुकलो म्हणून फक्त आपल्यालाच पाडत नाहीत! अपघात झाला की नशिबाला, जागेला, देवाला बोल लावणं सोपं असतं. त्याआधी एकदा खाली वाकून बघावं, आपल्याच गाडीतून काही गळत तर नाही ना!