पंचविसाच्या कलमाची मागणी

आमचे अबू गालिब, म्हणजे माझे यजमान, बारा वर्षं जॉर्डनच्या संसदेत आहेत आणि बारा वर्षांत त्यांनी राजेसाहेबांना एकदाही नाही म्हटलेलं नाही. उमेदवाराचं वय तिसावरून पंचविसावर आणणारा आणि काही जागा पक्षांसाठी राखणारा कायदा राजवाड्यातून आला, तेव्हा त्यांनी उभं राहून राजेसाहेबांच्या दूरदृष्टीची इतकी तारीफ केली, की टीव्हीसमोर बसलेली मीच कानकोंडी झाले. मग समितीच्या खोलीत जाऊन त्याच कायद्यात खोट काढायला बसले. एकटे नव्हते ते. निम्मी संसद हेच करत होती, बाहेर मुजरा आणि आत आडकाठी.

कारण साधं होतं. आमच्या करकच्या भागात जागा ठरते ती घराण्याच्या मतांवर. यांचं घराणं मोठं, नऊ हजार मतांचं. बैठकीत दहा म्हातारे बसतात, नाव ठरवतात, निवडणूक तिथेच संपते. माझं माहेर याच गावातलं, पण तीनशे मतांचं. माझ्या माहेरच्या माणसांनी संसद पाहिली ती अम्मानला दवाखान्यात जाताना, बसच्या खिडकीतून.

आणि आमच्या घरात रहफ होती. धाकटी मुलगी, सव्वीस वर्षांची, वकिली शिकलेली, जिभेने माझ्यावर गेलेली. एका नव्या पक्षात तिने नाव घातलं होतं आणि पक्ष तिला यादीत घ्यायला तयार होता. कलम मंजूर झालं तर ती येत्या निवडणुकीला उभी राहणार. नाही झालं तर आणखी चार वर्षं थांबायचं, आणि तेवढ्या काळात तिचं काय होणार हे मला माहीत होतं. बापाने स्थळं बघायला सुरुवात केली होती.

"बाबा, त्या कलमाला हात वर करा, एवढंच मागते," ती एका दुपारी जेवताना म्हणाली.

"हात वर केला तर माझी जागा जाते."

"जात नाही. वाटेकरी येतात."

"ऐकलंस? तुझी पोर बापाला वाटेकरी आणतेय," ते मला म्हणाले.

"वाद घातला की माझी, निकालात पहिली आली की तुमची," मी म्हटलं.

त्यांनी दह्याच्या रश्श्यात भिजवलेल्या भाताचा गोळा वळला, तोंडात टाकला आणि विषय तिथेच संपवला.

मतदान अटीतटीचं होणार, दोन-चार मतांवर सगळं अडलंय, अशी बातमी होती. मी माझ्या चुलत्यांना फोन केला. हाजी मुतलक ऐंशीचे आहेत, माझ्या माहेरच्यांचे प्रमुख, आणि त्यांच्या शब्दाला मोठं घराणंही मान देतं.

"काका, आमच्याकडे जाहा घेऊन या," मी म्हटलं.

"कायद्यासाठी जाहा? पोरी, चार वडीलधारे घेऊन माणूस दुसऱ्याच्या दारात जातो तो मुलगी मागायला, नाहीतर खून मिटवायला."

"हे त्या दोन्हींच्या मधलं समजा. कॉफीचा पेला पुढे ठेवा, प्यायचा नाही. हो म्हणाले तर प्या. नाही म्हणाले तर तसेच उठा. चाळीस माणसं यांच्या घरून कॉफी न पिता उठली तर ते महिनाभर गावात तोंड दाखवणार नाहीत."

"नवऱ्याची चांगलीच काळजी घेतेस," हाजी म्हणाले, पण यायचं कबूल केलं.

शुक्रवारी जाहा येणार, असा निरोप आला. अबू गालिबना वाटलं, हाजींचा नातू दातांचा डॉक्टर झालाय, त्याच्यासाठी रहफला मागायला येताहेत. त्यांची कळी खुलली. नवा झगा काढला, अत्तर लावलं, दोन बकरे कापायला सांगितले. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. हे पाप माझंच.

दुपारी चाळीस माणसं बैठकीत ओळीने बसली. यांचा पुतण्या फव्वाझ वेलदोड्याची कडू कॉफी घेऊन फिरला. हाजींनी पेला घेतला आणि समोर ठेवून दिला. रीत अशी, की आता पाहुण्याने उभं राहून मागणी घालायची, यजमानाने ती पुरती ऐकायची आणि मग उत्तर द्यायचं. पण अबू गालिबना धीर कुठला.

"हाजी, भाषण कशाला? आपण घरचेच. कॉफी प्या. ज्यासाठी आलात ते दिलं."

दाराआड रहफने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दुखलं. असं काही आम्ही ठरवलं नव्हतं. हाजीही चपापले. ते यांच्याकडे झुकले आणि कानात बराच वेळ काहीतरी बोलत राहिले. यांचा चेहरा उतरला. त्यांनी आमच्या दाराकडे पाहिलं. दार बोटभर उघडं होतं आणि त्यांना रहफ दिसली असणार.

"मोठ्याने सांगा, हाजी," ते म्हणाले. "सगळ्यांना ऐकू दे."

हाजी काठी टेकून उठले. "आम्ही तुमचं मत मागायला आलोय, अबू गालिब. पंचविसाच्या कलमाला."

"हा डाव आहे, काका," फव्वाझ ओरडला. "त्यांनी तुम्हाला फसवलंय."

"शब्द दिलाय," अबू गालिब म्हणाले. "कॉफी प्या, हाजी."

पुढचे तीन आठवडे ते माझ्याशी मिठापुरतं बोलले. घराण्यातली माणसं येऊन हळहळून जात होती, बिचारा रीतीत अडकला म्हणून. मतदानाच्या दिवशी आम्ही टीव्ही लावला. त्यांनी हात वर केला, आजूबाजूच्या कोणाकडे न बघता. कलम काठावर मंजूर झालं. सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या त्या विरोधात मत देणाऱ्यांनी, आणि राजेसाहेबांच्या दूरदृष्टीची तारीफ पुन्हा सुरू झाली. रहफ जमिनीवर बसून रडत होती आणि हसत होती.

दुसऱ्या सकाळी ते अंगणात चहा पीत बसले होते. मी जाऊन म्हटलं, "मला माफ करा. मी तुम्हाला अडकवलं."

"हाजी कानात काय म्हणाले, ठाऊक आहे?"

"मागणी सांगितली असेल."

"सांगितली. आणि म्हणाले, घाईत बोललास, ते मी धरत नाही. नको असेल तर आत्ता मान हलव, मी उठून शाळेच्या रस्त्याचं काम मागतो. माझी माणसं जन्मात तोंड उघडणार नाहीत."

मी त्यांच्या शेजारी बसले.

"मग तुम्ही?"

"मी पहिल्यांदा निवडून आलो तेव्हा बाप जाऊन तीन महिने झाले होते," ते म्हणाले. "आज मी अडुसष्टचा आहे. चार वर्षांनी ती उभी राहीलच, तिला कोण अडवतंय. पण मी असेन याचा काय भरवसा? मला तिला बघायचंय."

माझे डोळे भरून आले. "हे तिला तरी सांगा."

"कुणाला सांगायचं नाही. अडकलो असं वाटतंय म्हणून घराणं मला माफ करतंय. तूही मूग गिळून बस."

"मग तीन आठवडे माझ्याशी अबोला का धरलात?"

"तू फसवलं होतंस ना? तो राग वेगळा," ते म्हणाले आणि रिकामा पेला माझ्यापुढे केला.