पहिला संदेश

ऑफिसात तिला सगळे आकडेबाई म्हणत. टोपणनाव काही गोड नव्हतं, पण खोटंही नव्हतं. टेलिफोनच्या सॉफ्टवेअरचा वेग मोजणं हेच तिचं काम. आपण नंबर फिरवतो तेव्हा कोणी, कुणाला, किती वाजता ही माहिती एका संदेशात बांधली जाते आणि पलीकडचं यंत्र तो उलगडतं. बांधायला किती वेळ लागला, उलगडायला किती, ते ती मोजायची. एकेका संदेशाचा वेळ इतका चिमुकला असतो की तो वेगळा मोजण्यात अर्थ नाही, म्हणून दहा लाख संदेश एकदम ओतायचे आणि सरासरी काढायची. यात काय एवढी गंमत आहे, असं कुणी विचारलं तर ती सरळ विषय बदलायची.

हे काम तिला मास्तरांनी शिकवलं होतं. मास्तर म्हणजे ऑफिसातले सगळ्यात जुने तपासनीस, निवृत्तीला वर्ष उरलेले. त्यांचा एक नियम दगडावरची रेघ होता: पहिला संदेश फेकायचा. सुरू झाल्या झाल्या यंत्र पेंगुळलेलं असतं, पहिल्याला भलताच वेळ लावतं आणि सरासरीची वाट लावतं. त्यासाठी सॉफ्टवेअरमध्येच एक ओळ लिहायची, की जो पहिला येईल तो उलगडा आणि सोडून द्या. चाचणी संपली की ती ओळ काढून मगच सॉफ्टवेअर खऱ्या कामाला पाठवायचं.

त्या गुरुवारी नवं सॉफ्टवेअर शहराच्या तातडीच्या मदतकेंद्रावर चढणार होतं, दुपारी ठीक चार वाजता. कुणाला झटका आला, कुठे आग लागली, की लोक फिरवतात तो नंबर. सकाळी तिने शेवटची चाचणी लावली. नवं सॉफ्टवेअर जुन्याच्या दुप्पट वेगाने पळत होतं. साहेब आनंदाने दोनदा येऊन गेले.

तिचं लक्ष मात्र दुसऱ्याच आकड्यावर होतं. दहा लाखांतला एक फेकला की नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव उरायला हवेत. फेकून झाल्यावर पूर्ण दहा लाख उरले होते.

तिने पुन्हा चाचणी लावली. पुन्हा दहा लाख. मशीन बदललं, तरी तेच. म्हणजे कुठूनतरी एक संदेश जास्तीचा येत होता, आणि रांगेत सगळ्यांच्या पुढे उभा राहत होता. तिने ती ओळ तात्पुरती काढली आणि त्या आगंतुकाला उघडून पाहिलं.

चाचणीच्या संदेशांत सगळे नंबर बनावट असतात. हा नंबर बनावट नव्हता. तो तिच्या घरचा होता, बाबांनी हट्टाने ठेवलेल्या जुन्या लँडलाइनचा. कुणाला: तातडीचं मदतकेंद्र. वेळ: आजची तारीख, दुपारचे चार वाजून सात सेकंद. उत्तराच्या रकान्यात काहीच नव्हतं.

घड्याळात तेव्हा सव्वाअकरा झाले होते. तिने घरी फोन लावला.

"बाबा, बरे आहात ना? छातीत वगैरे दुखत नाही ना?"

"छातीत नाही गं, डोक्यात दुखतंय. तुझ्या प्रश्नांनी," बाबा म्हणाले. "रेडिओ उघडून बसलोय, एक स्क्रू सापडत नाहीये. ठेव आता."

आई गेल्यापासून घरात ते दोघंच होते. तिला बाबांशिवाय कुणी नव्हतं आणि बाबांना तिच्याशिवाय.

मास्तर पॅन्ट्रीत कप विसळत होते. तिने सगळं सांगितलं. त्यांनी नळ बंद केला, पण मागे वळले नाहीत.

"उघडून कशाला पाहिलास? फेकायचा असतो तो."

"मास्तर, तुम्हाला माहीत होतं?"

"मलाही आला होता. एकदाच. याच मदतकेंद्राचं जुनं सॉफ्टवेअर मी चढवलं, त्या दिवशी सकाळी. माझ्या घरचा नंबर, पुढची वेळ. मी म्हटलं, कुणीतरी चेष्टा करतंय. फेकला." ते कप पुसत राहिले, कधीचा कोरडा झाला होता तरी. "संध्याकाळी घरी गेलो तर आमची ही फोनपाशी गार पडलेली. रिसिव्हर हातात. मदतकेंद्रात चौकशी केली, तर म्हणाले, तुमच्या घरून फोन आलाच नाही."

ती साहेबांकडे गेली आणि म्हणाली, आजचं उद्यावर ढकलू या. कारण विचारलं तर सांगण्यासारखं काही नव्हतं. आकडेबाईने, म्हणे, मनाला पटत नाही म्हणून काम थांबवायचं! साहेब हसले आणि म्हणाले, "एकदा चाचणी लावून अहवाल पाठवा आणि मोकळ्या व्हा."

तिने ओळ परत घातली, चाचणी लावली, अहवाल काढला, सही केली आणि सॉफ्टवेअर पुढे पाठवून दिलं. हात सवयीने चालत होते. मन केव्हाच घरी जाऊन बाबांच्या शेजारी बसलं होतं. साडेतीनला पर्स उचलून ती निघाली. मोबाईल टेबलावर चार्जिंगलाच राहिला.

बाबांनी दार उघडलं ते कपाळाला आठ्या घालूनच. "काढून टाकलं की काय नोकरीवरून?"

तिला इतकं हायसं वाटलं की रडूच आलं. बाबा गांगरले. तिला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, रेडिओचा स्क्रू कसा चपलेत सापडला ते साग्रसंगीत सांगितलं. भिंतीवरचं घड्याळ चारला दोन मिनिटं कमी दाखवत होतं. मग एक मिनिट. ती त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

"अशी काय बघतेस? भूत आहे का मी?" असं म्हणत ते रेडिओ लावायला उठले आणि अर्ध्यातच खाली बसले. हात गळ्याशी गेला. चेहरा घामाने डबडबला.

ती फोनकडे धावली, नंबर फिरवला. कानात शांतता. रिंग नाही, एंगेजचा टोन नाही, नंबर चुकल्याची सूचना नाही. कुणीतरी फोन घेऊन तोंडातून शब्द काढू नये, तशी शांतता. कुणीही तिथे थांबलं असतं. जीव मुठीत धरून, आता लागेल, आता उचलतील, म्हणत थांबलं असतं. तीही थांबली. समोरचं घड्याळ चारच्या जरासं पुढे सरकलं होतं.

आणि तिला ती ओळ आठवली. परत घातलेली. न काढलेली.

नवं सॉफ्टवेअर आत्ता, चारच्या ठोक्याला सुरू झालं होतं. त्याच्याकडे आलेला हा पहिला संदेश. त्याने तो नीट उलगडला होता, नंबर वाचला होता, वेळ वाचली होती, आणि तिने सांगितल्याप्रमाणे सोडून दिला होता.

तिने फोन दाणकन आपटला आणि पुन्हा फिरवला.

पहिल्याच रिंगला एक बाई म्हणाली, "मदतकेंद्र. बोला, काय झालंय?"

बाबा वाचले. डॉक्टर म्हणाले, अजून दहा मिनिटं गेली असती तर सांगता येत नव्हतं. रात्रभर ती त्यांच्या पायाशी बसून होती, आणि सकाळी त्यांनी रेडिओ मागितला तेव्हा तिने त्यांना मनसोक्त झापलं.

ऑफिसात पोचल्यावर तिने पर्सही खाली ठेवली नाही. नव्या सॉफ्टवेअरमधली ओळ काढली, साहेबांना सगळं कबूल करणारं पत्र लिहिलं. मग काय वाटलं कोण जाणे, सेवेतून उतरवलेलं जुनं सॉफ्टवेअर उघडलं. चाचणीची प्रत नव्हे, मदतकेंद्रात इतकी वर्षं चालत असलेली.

वरून विसाव्या ओळीवर ती होती. पहिला येईल तो उलगडा आणि सोडून द्या. शेजारी मास्तरांची आद्याक्षरं आणि तारीख. ती पडद्यावरून पुसून टाकावी, कायमची, कुणी बघायच्या आत, असं तिला मनापासून वाटलं.

"बाबा कसे आहेत?"

मास्तर खुर्चीमागेच उभे होते. तिने पडदा झाकायला हात पुढे केला, पण त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला होता. त्यांनी ओळ वाचली. तारीख वाचली. तारीख त्यांना दोनदा वाचावी लागली नाही.

"तू काय केलंस काल?" त्यांनी विचारलं. "लागला कसा तुझा फोन?"

"ठेवला, मास्तर. आणि पुन्हा फिरवला."

त्यांनी मान हलवली. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ती ठेवणारी नव्हती गं," ते म्हणाले. "कुणी फोनवर गप्प झालं तरी समोरच्याने ठेवेपर्यंत ठेवायची नाही. वाट बघत बसली असणार."