सोडवलेल्या पाटल्या

आमच्या सासऱ्यांना कर्ज काढताना कधी लाज वाटली नाही. ते फेडताना मात्र त्यांचा जीव शरमेने अर्धा व्हायचा. आणि फेडत कोण होतं? मी आणि माझे यजमान, गुणवंत. बापूसाहेबांकडे काम एकच, शरमायचं.

बापूसाहेब म्हणजे सिविल लाइंसच्या कचेरीतले निवृत्त नाझर. आयुष्यभर सरकारी तिजोरी सांभाळली, एक पै इकडची तिकडे होऊ दिली नाही, असं ते स्वतःच सांगतात. खरंही असेल. सरकारचा पैसा सांभाळता सांभाळता स्वतःचा सांभाळायचं त्राण उरलं नसावं. त्यांचे खापरपणजोबा भोसल्यांच्या फौजेबरोबर जबलपुरात आले. फौजेत ते नेमके काय करत होते, हे कोणालाच ठाऊक नाही. पण त्यांच्या नावाखातर आमच्या घरी पोळीवर तुपाची धार कमी पडता कामा नये, असा कायदा होता.

नणंदेचं, सरोजिनीचं लग्न ठरलं तेव्हा नागपूरची मंडळी हात जोडून म्हणाली होती, आम्हाला काही नको, पन्नास माणसांत उरकू. इतकी भली माणसं दिवा घेऊन शोधली तरी सापडत नाहीत. बापूसाहेबांना तो अपमान वाटला. त्यांनी चारशे पानं उठवली, शहपुऱ्याहून तुपाचे डबे मागवले, बँड लावला. ह्यांनी आपल्या फॅक्टरीच्या पतसोसायटीतून कर्ज काढलं. तेही पुरेना, तेव्हा माझ्या आईने दिलेल्या चार तोळ्यांच्या पाटल्या सराफ्यात गहाण गेल्या. ऋण काढून सण म्हणतात तो हा. लग्नानंतर आठ दिवस बापूसाहेब अधारतालच्या रस्त्यावर छाती काढून फिरत होते. नवव्या दिवसापासून फेडणं आमच्याकडे आलं.

तीन वर्षं फेडलं. चहा गुळाचा, भाजी एक, साबणाची वडी दोऱ्याने कापून चार तुकडे. वर्तमानपत्र बंद केलं. हे सायकलने फॅक्टरीत जायचे, तोफांचे गाडे बनायचे तिथे. सायकलच्या ट्यूबला इतकी ठिगळं होती की मूळ रबर कुठलं ते ओळखू येत नसे. घरात मी एक नियम केला होता. कोणाला काही हवं असेल तर ते रविवारी सांगायचं आणि पुढच्या रविवारीही हवंसं वाटलं तरच आणायचं. निम्म्या हौशी आठवड्याभरातच मरतात, हे मला तेव्हा कळलं. बापूसाहेबांच्या तेवढ्या मरत नसत. त्यांना वाट पाहणंच मान्य नव्हतं.

"सूनबाई, हे काय करून राहिल्या तुम्ही?" ते ओसरीवरून ओरडायचे, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असे. "गुळाचा चहा? काहून? आपल्या घरी काय दुष्काळ पडला?"

"पाटल्या सोडवायच्या आहेत, मामंजी."

"अहो, सुटतील न! सोनं काही पळून नाही चाललं. चार लोक काय म्हणतील?"

चार लोकांनी बापूसाहेबांना कधी चार आणे दिल्याचं मला आठवत नाही. पण घर त्यांच्याच मतावर चालायचं. मी चिडले की हे म्हणायचे, "जाऊ दे न, विनता. वडील आहेत ते. आपण दोघं मिळून फेडू." त्या 'दोघं'वर मी तीन वर्षं काढली.

मग पासष्ट साली लढाई लागली. फॅक्टरीत बारा-बारा तासांची पाळी सुरू झाली आणि ओव्हरटाइम मिळू लागला. हे घरी यायचे तेव्हा त्यांच्या बोटांच्या भेगांत तेल काळं होऊन बसलेलं असे. बापूसाहेब म्हणाले, लढाईच्या पैशाने देणं फेडणं खानदानी माणसाला शोभत नाही. त्याच सुमारास सरकारने सांगितलं, सोमवारी संध्याकाळी जेवू नका, देशाचं धान्य वाचवा. बापूसाहेबांनी ओसरीवर भाषण ठोकलं, जेवण सोडलं आणि माझ्याकडून साबुदाण्याची खिचडी करवून घेतली. वर तूप. देशासाठी एवढं पोटभर कोणी केलं नसेल.

श्रावणातच सराफाने बजावलं होतं, "बहनजी, दिवाली तक. उसके बाद मेरे बस की बात नहीं." म्हणजे दिवाळीनंतर पाटल्या वितळणार. सोसायटीचा शेवटचा हप्ता सप्टेंबरच्या पगारातून कापला गेला आणि दसऱ्याच्या दोन दिवस आधी ओव्हरटाइमच्या पैशांनी मी पाटल्या सोडवून आणल्या. आमच्या डोक्यावर कोणाचं काही उरलं नाही. हातात घालताना मी रडले, हे कबूल करते. आईच्या हातातलं माझ्या हातात परत आलं होतं, आणि ते मी मिळवलं होतं.

दसऱ्याला आमच्या मराठी मंडळात संध्याकाळी सगळे जमतात आणि आपट्याची पानं सोनं म्हणून एकमेकांना देतात. लढाई थांबून दहा-बारा दिवस झाले होते. मंडळाचे चिटणीस विष्णुपंत म्हणाले, यंदा पानं पुरे, यंदा संरक्षण निधीला खरं सोनं देऊ. देणाऱ्यांची नावं वर्तमानपत्रात येणार होती. हे ऐकताच मला बापूसाहेबांचे कान टवकारलेले दिसले.

भय्यासाहेब वकिलांनी अंगठी दिली. टाळ्या झाल्या. बापूसाहेबांना त्या सहन झाल्या नाहीत. ते उठले, उपरणं सावरलं.

"आमचं घराणं भोसल्यांच्या फौजेतलं," ते म्हणाले. "अंगठ्या-बिंगठ्या आमच्यात देत नाहीत. आमच्या सूनबाईंच्या हातात चार तोळ्यांच्या पाटल्या आहेत. त्या आम्ही देऊन राहिलो!"

आम्ही! ज्या माणसाने तीन वर्षांत एक चमचा साखर सोडली नाही, तो 'आम्ही'!

बायकांच्या बाजूच्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. देशाला द्यायला माझी ना नव्हती. या घरातून देशाला रोज बारा तास जात होते आणि त्यासाठी कोणी व्यासपीठावर चढलं नव्हतं. मी पुरुषांच्या बाजूला ह्यांना शोधलं. पाळी संपवून ते तसेच आले होते, मागे भिंतीशी उभे. मला वाटलं, आता हे बोलतील. एवढं एकदा तरी बोलतील.

ते टाळ्या वाजवत होते. जोरात नाही. हळूच, वडिलांना दिसतील इतपत.

तोवर माझा सगळा तिटकारा मी एकट्या बापूसाहेबांसाठी राखून ठेवला होता. त्या म्हाताऱ्याने निदान मला कधी फसवलं नाही. जसा होता तसाच दिसला. पण माझ्याबरोबर गुळाचा चहा पिणारा हा माणूस कर्जाला माझा होता आणि पाटल्यांना बापाचा.

विष्णुपंत तांब्याचं ताम्हन घेऊन माझ्यासमोर आले. बगलेत यादीची वही होती.

"धन्य आहे ताई तुमची," ते म्हणाले. "चलो, काढा."

मी उभी राहिले. पदराखालून दोन्ही हात बाहेर काढले, सगळ्यांना पाटल्या दिसाव्यात म्हणून.

"विष्णुपंत, वही उघडा. लिहून घ्या," मी म्हटलं. आवाज मागच्या भिंतीपर्यंत पोचत होता. "बापूसाहेबांच्या सुनेने पाटल्या दिल्या नाहीत. वर्तमानपत्रात अस्संच येऊ द्या."

बापूसाहेब उभेच होते, उपरण्याचं टोक हातात धरून. विष्णुपंतांनी सवयीनेच पेन काढलं आणि विचारलं, "नाव काय लिहू?"

"विनता," मी म्हटलं. "नुसतं विनता. पुढे कोणाचं नाव लावू नका."