ताईच्या घरचा गीझर

लोकांच्या घरात जाऊन खोट काढायची आणि त्याचाच पगार घ्यायचा, असा माझा उद्योग आहे. नळ, पाइप, टाक्या, गीझर, सांडपाण्याच्या वाटा. कुठे गळतंय, कुठे गंजलंय, कुठे जिवाला धोका आहे, ते बघतो. धोका दिसला की लाल पट्टी चिकटवून पाणी आणि वीज तोडायचा अधिकार मला ऑफिसने दिलेला आहे. एरवी दारात उभं न करणारे घरमालक त्या पट्टीपुढे खुर्ची पुढे करतात. फक्त एका घरात माझं काही चालत नाही, आणि ते घर माझ्या ताईचं.

नात्यातलं घर तपासायचं नाही, असा आमच्याकडे नियमच आहे. पण नियम नसता तरी काही बिघडलं नसतं, कारण त्या घरात भाऊजी आहेत. भाऊजी कारखान्यात फिटर होते. बंद पडलेल्या मशीनला कान लावून तिचं दुखणं सांगायचे, म्हणून तिथे त्यांना सगळे डॉक्टर म्हणत. निवृत्त झाल्यावर दवाखाना घरी आला. पंखे, मिक्सर, कुलपं, शेजाऱ्यांच्या इस्त्र्या. आपल्या घरातल्या एकाही वस्तूला परक्या माणसाचा हात लागलेला नाही, हे ते पाहुण्याला चहाच्या आधी सांगतात. मला ते ‘नळसाहेब’ म्हणतात. मी हसून घेतो. बहिणीच्या नवऱ्याने टोपणनाव ठेवलं तर भावाने हसावंच लागतं.

गेल्या वर्षी एकदा त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. हात धुवायला बाथरूममध्ये शिरलो आणि सवयीने मान वर गेली. दाराच्या वर भिंतीला गीझर टांगलेला. त्याच्या खालच्या पाइपावर बोटाएवढा एक व्हॉल्व्ह असतो. पाणी तापलं की फुगतं, फुगलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट हवी असते, ती वाट हा व्हॉल्व्ह देतो. चार थेंब गाळतो आणि गप्प बसतो. तेवढ्याचसाठी त्याला बसवलेलं असतं. भाऊजींनी त्याच्या तोंडात पितळी बूच आवळून बसवलं होतं. इतकं सुबक काम, की क्षणभर कौतुकच वाटलं. मग ते काय आहे ते लक्षात आलं.

असा व्हॉल्व्ह बंद केलेला एक गीझर मी पूर्वी पाहिला होता. पाहिला म्हणजे, तो जिथे होता ती जागा पाहिली. तिथे भिंत राहिली नव्हती.

ताटावर बसताना मी विषय काढला. जमेल तितक्या मऊपणाने काढला, पण खोट ती खोटच. भाऊजी मोठ्याने हसले. म्हणाले, गळणारी वस्तू बंद करायची की तिला पगार द्यायचा? मी फुगणाऱ्या पाण्याचं सांगायला लागलो, तर त्यांनी कारखान्यातल्या बॉयलरच्या गोष्टी सांगितल्या, आणि त्या खऱ्या होत्या. ताईने टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला. लहानपणी आई गेल्यावर मला हिनेच वाढवलं. तिचा पाय पडला की मी अजून गप्प होतो.

तरी निघायच्या आधी मी पुन्हा बाथरूममध्ये गेलो, बूच काढलं आणि खिशात घालून घरी आणलं. पुढच्या खेपेला तिथे दुसरं होतं, कथलाचा डाग देऊन कायमचं बसवलेलं. भाऊजी म्हणाले, उंदीर बूच पळवतात हल्ली. मी नवाकोरा गीझर पाठवून दिला. तो त्याच टेम्पोतून परत आला. सोबत निरोप, की मेहुण्याकडून घेण्याइतकी वेळ अजून आलेली नाही. ताईला फोन केला तर ती म्हणाली, “तू त्यांना दुखावू नकोस रे.” मला तिचा राग आला. माझ्या मते ती नवऱ्यापुढे मान तुकवत होती आणि त्यापायी जीव द्यायला निघाली होती. मी तिला तसं बोललोही. ती फक्त, जेवलास का, एवढंच म्हणाली.

मग मी डोकं चालवलं. स्वतः जाता येत नाही, तर दुसऱ्याला पाठवावं. ऑफिसातला जाड्या माझा दोस्त आहे, त्याला त्या गल्लीची तपासणी लावून दिली. म्हटलं, लाल पट्टी तो लावेल, वाईटपणा त्याच्या माथी. पण नियमाप्रमाणे आदल्या दिवशी कळवावं लागतं. भाऊजींनी रातोरात करवतीने डाग कापला, व्हॉल्व्ह घासूनपुसून लखलखीत केला, जाड्याला दोनदा चहा पाजला आणि पाइपांचे सांधे दाखवत घरभर फिरवलं. जाड्या परत आला तो हरखूनच. असं नीटनेटकं घर गल्लीत दुसरं नाही म्हणाला. पास केल्याची हिरवी पट्टी त्याने गीझरवर स्वतःच्या हाताने चिकटवली होती. त्याची पाठ वळल्यावर भाऊजींनी बूच पुन्हा बसवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आता गीझरवर माझ्याच ऑफिसचा शिक्का होता.

हे मीच घडवून आणलं, हे त्यांना कळायला वेळ लागला नाही. पुढच्या भेटीत ते मला नळसाहेब म्हणाले नाहीत. “माझ्या घरावर माणूस घातलास,” एवढं बोलले आणि आतल्या खोलीत गेले. त्या वाक्याने मला मारल्यासारखं झालं. तरी माझी खोड जाईना, कारण भीती जात नव्हती. ऑफिसात फोन वाजला की आधी ताईचं घर डोळ्यांपुढे यायचं.

शेवटी मी चोरी केली. ताईला भेटायला गेलो होतो, ते दोघं मध्येच खाली शेजाऱ्याकडे गेले तेव्हा गीझरचं झाकण उघडलं आणि थर्मोस्टॅटची वायर सोडवून ठेवली. पाणी पुरेसं तापलं की वीज तोडतो तो थर्मोस्टॅट. वायर सुटली की गीझर थंड. म्हटलं, गीझर मेला म्हणतील, कंटाळतील, नवा घेतील.

चौथ्या दिवशी भाऊजींचा फोन आला. कित्येक आठवड्यांनी ते माझ्याशी बोलत होते, आणि आवाजात नुसता आनंद होता. गीझर बंद पडला होता, तो त्यांनी एका दुपारात उठवला. थर्मोस्टॅटच गेला होता, तो काढून फेकला आणि वीज सरळ जोडून दिली. आता पाणी असं कढत येतं, की पहिल्यांदाच नीट अंघोळ होते आहे. “ये एकदा, बघ,” म्हणाले.

मी फोन ठेवला. वाफेला वाट नव्हतीच, आता आगीला थांबाही नव्हता. बटण बंद करायचं राहिलं, की संपलं. आणि हे माझ्या शहाणपणाने झालं होतं. एक गोष्ट मात्र डोक्यात घुटमळत राहिली. सुटलेली वायर त्यांना दिसली कशी नाही? ज्या माणसाला मशीनचं दुखणं कानाने ऐकू यायचं, त्याला डोळ्यांसमोर लोंबणारी वायर दिसू नये?

दुसऱ्या दिवशी सकाळी पाने-पक्कड पिशवीत घालून गेलो. ठरवलं होतं, आज कोणाचं ऐकायचं नाही. गीझर उचकटून न्यायचा. नातं तुटलं तर तुटलं, ताई तरी जिवंत राहील.

भाऊजी बाहेरच्या खोलीत बसले होते. खांद्यावर टॉवेल, पुढ्यात शेजाऱ्यांची इस्त्री सुटी करून मांडलेली. मला बघून, या नळसाहेब, म्हणाले. पिशवीकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. मी सरळ आत गेलो. बाथरूमच्या दाराशी ताई उभी होती. भिंतीला टेकून, एक हात गीझरच्या बटणावर, मान वर, गीझरकडे.

“सरक,” मी म्हटलं. “आज हा काढून नेतोय.”

“हळू बोल.”

“तुला कळत नाही, ताई. तू बॉम्बखाली उभी आहेस.”

“कळतं,” ती म्हणाली. “तू पहिल्यांदा सांगितलंस ना, तेव्हाच कळलं होतं.”

मग तिने दबक्या आवाजात सगळं सांगितलं. रोज सकाळी बटण ती लावते आणि तिथेच उभी राहते. गीझर गुणगुणायला लागला की बंद करते आणि मगच भाऊजींना आत सोडते. एकदा तिने गॅसवर पातेल्यात पाणी तापवून दिलं, तर ते दिवसभर जेवले नाहीत. आधी निदान गीझर आपोआप बंद व्हायचा, परवापासून तेही गेलं. भाऊजी विसरायला लागले आहेत. नळ उघडा टाकतात, जिन्यावर उभे राहून वर जायचं की खाली ते आठवत बसतात. मोठ्या इस्पितळात दाखवून झालंय. हे वाढत जाणार, असं तिथे सांगितलं. भाऊजींना तिने त्यातलं निम्मंच सांगितलंय, आणि मला काहीच नव्हतं सांगितलं.

“ही इस्त्रीसुद्धा,” ती म्हणाली, “महिनाभर झाला. रोज सोडतात. जोडणं होत नाही. शेजाऱ्यांना मी नवी आणून दिली.”

मी म्हटलं, म्हणून तर हा इथून न्यायला हवा.

“ने की. पण मग उद्या ते काय उघडून बसतील ते तू सांग. हा आहे तोवर मन यात आहे. रोज विचारतात, पाणी कसं तापलं, आणि खूश होतात. हा नेलास तर गॅसची शेगडी घेतील. परवा नळीला हात घातलाच होता. गीझरपाशी मी उभी राहू शकते. सगळ्या घरापाशी कशी उभी राहू?”

मी म्हटलं, दोघं माझ्याकडे चला. ती म्हणाली, तुझ्या घरात ते पाहुणे होतील, आणि पाहुण्याच्या हातात कोणी पाना देत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शेवटी मी विचारलं, तू आजारी पडलीस तर?

“मला आजारी पडून चालत नाही.”

हे ती रडून बोलली नाही, रागानेही नाही. भाजी संपली आहे हे सांगावं तसं बोलली. रडू मला आलं. मी पिशवी खाली ठेवली.

“आलाच आहेस तर एक कर,” ती म्हणाली. “जरा इथे उभा राहा. मला त्यांची औषधं आणायचीत, सकाळचं बाहेर पडणंच होत नाही. गुणगुणायला लागला की बंद कर. त्याआधी नको. पाणी कोमट राहिलं तर ते पुन्हा झाकण उघडून बसतात.”

तिने माझा हात धरून बटणावर ठेवला. मग पायात चपला सरकवल्या आणि गेली. जाताना भाऊजींना म्हणाली, औषधं घेऊन येते. भाऊजी म्हणाले, बरं, सावकाश ये.

अशा वेळी काय करावं ते मी लोकांना शिकवतो. घरातली माणसं बाहेर काढा, बाहेरून वीज तोडा, जवळ कोणी थांबू नका. हे सांगताना मी आवाज चढवतो, म्हणजे लोक घाबरतात आणि ऐकतात. त्या दिवशी मी गीझरच्या खाली उभा राहिलो आणि नुसते कान दिले. टाकीत बारीक टकटक सुरू झाली होती. गुणगुण नव्हती. समोरच्या खिडकीतून रस्ता दिसत होता. ताई चालली होती, लांब लांब पावलं टाकत, हात मोकळे सोडून. कोपऱ्यावर तिला कोणीतरी ओळखीचं भेटलं. ती थांबली आणि हसली. एवढी हसताना मी तिला कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती.

बाहेरून भाऊजींनी हाक मारली. “अगं, पाणी तापलं का?”

मी वाट बघितली, ती बाहेर गेल्याचं आठवेल म्हणून. त्यांनी पुन्हा तशीच हाक मारली, तिलाच.

“तापत आलंय, भाऊजी,” मी म्हटलं, आणि हात बटणावरच ठेवला.