जहाजावरून उतरता येत नाही

तेजस इशिताला पाहायला येणार म्हटल्यावर तिच्या बाबांनी, विद्याधरनी, सगळ्या आळीत सांगून ठेवलं होतं की मुलगा क्रूझ कंपनीत ऑफिसर आहे. तो जहाजावर पाहुण्यांच्या तक्रारी ऐकतो, एवढं मात्र त्यांनी गाळलं होतं. इशिता एमबीए झाली होती आणि कामणच्या एका गोदामात मालाचं नियोजन बघायची. रोज ट्रकवाल्यांशी भांडून तिच्यातला भिडस्तपणा केव्हाच संपला होता.

तेजसची आई आनंदीबाई वाडीतल्या केळ्यांची सुकेळी तोंडात टाकत कंपनीचे गोडवे गात होत्या. पोहायचे तलाव, जादूचे प्रयोग, पहाटेपर्यंत जेवण. आमच्या कंपनीला तोडच नाही, त्या म्हणाल्या.

इशिताने ते मनावर घेतलं. कॉलेजात शिकवलेले प्रश्न तिने एकेक करून विचारायला घेतले. तुमच्याकडे असं काय आहे, जे दुसऱ्याकडे नाही आणि ज्याची नक्कल होत नाही? जहाज कोणीही भाड्याने घेतं. समुद्र कोणाच्या बापाचा नाही. जादूगार तर विरारच्या लग्नाच्या हॉलातही येतो. गिऱ्हाइकाला तुम्ही नाही आवडलात, तर ते गोव्याला हॉटेलात जाऊन पडेल. जहाज बांधणारे मोजके, त्यामुळे ते सांगतील ती किंमत. विद्याधर तिला डोळ्यांनी दटावत होते. तिने तिकडे बघितलंच नाही.

"मग आमच्याकडे उरलं काय?" तेजसने विचारलं.

"एकदा जहाज निघालं की गिऱ्हाईक उतरू शकत नाही. तेवढंच."

तेजस इतका हसला की चहा त्याच्या नाकातून आला. लोक रोज माझ्याकडे येऊन हेच सांगतात, तो म्हणाला. आनंदीबाई मात्र उठल्या आणि संध्याकाळी त्यांचा नकार आला. कारण दिलं, मुलगी फार बोलते.

तेजसने कंपनीच्या पुढच्या मीटिंगमध्ये इशिताचं वाक्य तिच्या नावासकट सांगितलं. साहेबांचा चेहरा पडला. पण परत येणारे पाहुणे खरोखरच कमी होते, त्यामुळे त्यांनी तिला बोलावून घेतलं. पाहुण्यांना वाटेत बंदरावर उतरून घरी जायची मुभा द्या, असं तिने सुचवलं. मुभा दिल्यावर उतरणारे थोडेच निघाले, तक्रारी मात्र निम्म्याने घटल्या. कंपनीने तिला नोकरी दिली, तीही तेजसची वरिष्ठ म्हणून. सुनेऐवजी साहेबीण मिळाली, असं आनंदीबाई शेजारणीला सांगत फिरल्या.

वर्षभराने कँटीनमध्ये तेजसने विचारलं, आईचा तो नकार बाजूला ठेवून लग्नाचा विचार होईल का. इशिताने ताटातली भाजी ढवळत विचारलं, "तुझ्यात असं काय आहे, ज्याची नक्कल होत नाही?"

त्याने बराच विचार केला. "काहीच नाही," तो म्हणाला.

एवढं खरं तिला तोवर एकाही पुरुषाने सांगितलं नव्हतं. ती हो म्हणाली.

आनंदीबाईंनी घरात अबोला धरला. मग तो त्यांनाच झेपेना. त्यांनी विद्याधरना फोन लावला आणि साखरपुड्याला तुमच्याकडून किती माणसं येणार, असं विचारलं.